तिसऱ्या मशीनचा खटका

"त्याला दुखलं असेल का हो?"

रंगाने हे दारातच विचारलं. चप्पल अजून पायात होती.

गनी मास्तर खुर्चीत बसून चष्म्याची काच पुसत होते. त्यांनी पुसणं थांबवलं नाही.

अकरा दिवस झाले होते. अकरा दिवसांत रंगाने भेटेल त्याला हा एकच प्रश्न विचारला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारला, तर ते घड्याळाकडे बघून पुढच्या खाटेकडे वळले. हवालदाराला विचारला, तर त्याने कागद पुढे सरकवला आणि अंगठा कुठे उठवायचा ते बोटाने दाखवलं. ट्रॅक्टरवाल्याला विचारला, तर तो हात जोडून रडायलाच लागला. मामा म्हणाला, "आधी दोन घास खाऊन घे."

सर्जेराव हा रंगाचा थोरला भाऊ. रंगा त्याला अण्णा म्हणायचा. मिरजेत मास्तरांच्या स्टुडिओत नऊ वर्षं कामाला होता. गाण्याच्या मैफलींचं चित्रीकरण तिथे चाले. त्या गुरुवारी दुपारी काम संपवून तो मोटरसायकलवरून गावी निघाला. दिवस मावळताना गावाच्या वळणावर उसाची ट्रॉली उभी होती. मागे ना दिवा, ना लाल फडकं.

आईला त्याचं शेवटचं तोंड दाखवलं नव्हतं. जाणत्या माणसांनी तसं ठरवलं. तिने धरून ठेवले होते फक्त पाय.

"मास्तर, इचारतोय मी काहीतरी."

"ऐकलं."

"मग?"

"अक्का कुठं आहेत?"

"आई भाईर पायरीवर बसलीया. आत न्हाई येत. म्हंती, आधी टेप लागू दे, मग हाक मार."

मास्तरांनी चष्मा डोळ्यावर चढवला. त्यांचे हात आता थरथरत. गेली चार वर्षं वायरींची सगळी कामं सर्जेरावच करायचा.

"चल मग," ते म्हणाले. "हात तुझे, डोळे माझे."

*

मशीनच्या खोलीत तीन रेकॉर्डर ओळीने मांडलेले होते. प्रत्येकावर एक पडदा.

त्या गुरुवारी सकाळच्या कार्यक्रमाच्या आधी कॅमेरे जुळवून घेताना सर्जेराव स्वतःच कॅमेऱ्यांपुढे बसला होता. त्याची अकरा मिनिटं टेपवर उतरली होती. एका टेपवर समोरून, एकीवर डावीकडून, एकीवर उजवीकडून. तिन्ही टेपा एकदम चालवायच्या, त्यातून एक चित्र करायचं आणि ते घरी बघायच्या कॅसेटवर उतरवायचं, एवढं काम होतं. परवा तेरावा. आईला त्याच्या आत मुलाचं तोंड बघायचं होतं. दुसरं काही तिने मागितलं नव्हतं.

"एक ऐकून ठेव," मास्तर म्हणाले. "टेपा जुन्या आहेत. चार-चार वेळा पुसून वापरलेल्या. वरचा थर सुटत चाललाय. दोनदा चालतील, फार तर. पुढचं मला सांगता येणार नाही."

"एकदाच लावू की मग. हाय काय त्यात?"

"नळ्या टाकणारा तू. तुला वायरीतलं काय कळतंय?"

रंगा शेतात ठिबकची कामं करायचा. चौथीनंतर शाळा सुटली होती, पण आठ-दहा गावांत त्याच्या हाताचं पाणी फिरत होतं.

"नळी काय आन् वायर काय," तो म्हणाला. "आतनं काहीतरी जातंच की."

मास्तर हसले. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्याच्यासमोर कुणीतरी हसलं होतं. रंगाला ते आवडलंही नाही आणि बरंही वाटलं.

मास्तरांनी भिंतीजवळची एक पेटी दाखवली. तीन मशीन तीन तऱ्हेने चालली तर चित्राला चित्र जुळत नाही. म्हणून ही पेटी सगळ्यांना मिळून एक ठोका देते, सेकंदाला पंचवीस. स्टुडिओत त्याला सिंक म्हणत. सर्जेराव मात्र ठोकाच म्हणायचा. पेटीतून वायर निघते ती पहिल्या मशीनमध्ये शिरते. तिथून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात.

रंगाने वायरी जोडल्या. बोटं जाड, पण हात नीट बसत होता.

"छान," मास्तर म्हणाले. "आता थांब. मशीन तापू दे. मी स्पिरिट घेऊन येतो, टेप लावण्याआधी आतलं पुसायला लागतं. कशाला हात लावू नकोस."

ते बाहेर गेले.

रंगा थांबला.

मनात वीस मोजेपर्यंत थांबला…

मग त्याने तिन्ही टेपा आत सारल्या आणि पहिल्या मशीनचं बटण दाबलं. पाठोपाठ दुसऱ्याचं, तिसऱ्याचं.

पडद्यावर करडी लाट आली. लाटेमागे कुणीतरी बसलं होतं. चित्र थरथरत होतं, धरत नव्हतं. थंड मशीनला धरायला अर्धं मिनिट लागतं, हे रंगाला कुणी सांगितलं नव्हतं.

कचरा अडकलाय, असं त्याला वाटलं. ठिबकची नळी तुंबली, पाणी थरथरत यायला लागलं, की शेवटचं टोक उघडायचं. कचरा वाहून जातो आणि लाईन मोकळी होते. इतक्या वर्षांत ही गोष्ट एकदाही चुकली नव्हती.

तो मशीनच्या मागे गेला. प्रत्येकाच्या पाठीला एक छोटा खटका होता. पहिल्या दोघांचे वर होते. तिसऱ्याचा खाली.

म्हणजे शेवट बंद होता.

त्याने तो खटका वर केला आणि पुढे येऊन बघितलं.

पडद्यावर अण्णा होता. तोंड उघडून काहीतरी म्हणत होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत त्याचा चेहरा तिरका फाटला होता. वरचा अर्धा भाग एकीकडे, खालचा दुसरीकडे, आणि मध्ये पांढऱ्या रेघा. तिन्ही पडद्यांवर तोच. समोरून फाटलेला, डावीकडून फाटलेला, उजवीकडून फाटलेला…

रंगा ओरडला.

ते ओरडणं कसलं होतं ते त्यालाही कळलं नाही. तो खालीच बसला.

"काय झालं रं?" बाहेरून आईचा आवाज आला. "रंगा? लागली का टेप?"

"न्हाई!" तो आतून म्हणाला. "न्हाई, तू बस. काय न्हाई झालं."

मास्तर धावत आले. इतकं म्हातारं माणूस, पण एका दमात तिन्ही बटणं बंद केली. टेपा बाहेर काढल्या. कापसाने आतलं पुसलं, तेव्हा कापूस तपकिरी झाला. गंजासारखी पूड.

त्यांनी कापूस रंगासमोर धरला.

"हा सर्जेरावच आहे," ते म्हणाले. "इतका गेला."

रंगा कापसाकडे बघत राहिला.

"आता एकदाच," मास्तर म्हणाले.

*

मग रंगाला राग आला. कुणाचा ते ठरवायला तो थांबला नाही. उठला, मागे गेला आणि तिन्ही मशीनचे खटके थडाथड खाली केले.

"घ्या! बंद करायचं ना? सगळीच करतो बंद!"

मास्तरांनी अडवलं नाही. त्यांनी दुसऱ्याच कुठल्या तरी टेपा लावल्या. नुसते रंगीत पट्टे होते त्यांच्यावर, मशीन तपासायचे.

पट्टे आले, पण धुतल्या कपड्यासारखे फिके. मग हळूहळू वर सरकायला लागले. एक पडदा एकीकडे, दुसरा दुसरीकडे. तिसऱ्यावर तर नुसता चुरचुर आवाज.

"आता काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"पोचंना झालंय."

"का?"

"पयल्यानंच पिऊन टाकलं. ऱ्हायलेलं दुसऱ्यानं. तिसऱ्याला काय उरणार?"

"आणि मघाशी? तिन्ही वर होते तेव्हा?"

हे रंगाला उलगडत नव्हतं. ठिबकमध्ये असं कधी होत नाही. टोक उघडलं की पाणी रानात जातं.

"चल," मास्तर म्हणाले.

*

शेजारी मैफलीचा मोठा हॉल होता. भिंतींचे जाड पडदे धुवायला काढले होते. गाद्या गुंडाळून बाहेर ठेवलेल्या. आत नुसत्या उघड्या भिंती.

मास्तरांनी एक टाळी वाजवली.

टाळी पलीकडच्या भिंतीवर गेली आणि परत आली.

"कुठं गेली?"

"गेली कुठं? माघारी आली."

"का आली?"

"तिकडं कोण घेणारंच न्हाई."

मास्तरांनी मान हलवली. "आता तू विचार. दारात मला विचारलंस ते. मोठ्यानं."

"कशापायी?"

"विचार."

रंगाने घसा खाकरला. मग भिंतीकडे तोंड करून ओरडला.

"त्याला दुखलं असंल का?"

…असंल का… असंल का…

परत आलेला आवाज रंगाचा नव्हता. बाईमाणसाचा वाटला.

"कुणाचा आहे हा प्रश्न?" मास्तरांनी हळू विचारलं.

"माझाच की."

"नक्की?"

रंगा पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत राहिला.

"…आईचा हाय," तो म्हणाला. "ती इचारती. रोज. सकाळी उठल्याउठल्या इचारती. रातच्याला इचारती."

"मग तू काय म्हणतोस?"

"मी म्हंतो, मला काय ठावं? मग मी डॉक्टरला इचारतो. हवालदाराला इचारतो. आता तुमास्नी इचारलं."

"पुढं पाठवतोस."

"व्हय."

"आणि घरी गेल्यावर?"

"घरी गेल्यावर ती परत इचारती."

मास्तरांनी सहज विचारावं तसं विचारलं, "पंचनाम्यात तुझं नाव आहे म्हणे. तू किती वाजता पोचलास तिथं?"

"गर्दी जमल्यावर."

"वळणाला लागून कुणाचं रान आहे?"

"सावंतांचं."

"त्या आठवड्यात तू काम कुठं करत होतास?"

रंगाने वर बघितलं.

मास्तरांनाही ठाऊक नसावं. त्यांनी नुसतीच एक वायर मागेमागे धरत नेली होती आणि ती कुठे शिरते ते बघून तेच दचकले. त्यांचा हात भिंतीला टेकला.

"बेटा…" ते म्हणाले.

"सावंतांच्याच रानात हुतो," रंगा म्हणाला. "नळ्या पसरत हुतो. आवाज आला. पळालो. कोण नव्हतं. ट्रॅक्टरवाला डिझेल आणाया गेलता. मी आन् अण्णा, दोघंच. माझ्या मांडीवर डोकं हुतं त्याचं. दातावर दात दाबून धरलं हुतं. किती येळ ते ठावं न्हाई. मग मानसं आली. हवालदारानं इचारलं, तू कवा आलास? मी म्हनलं, आत्ताच. भ्यालो हुतो. तोंडातनं गेलं. मग तेच आईला सांगितलं. मग…"

"तुला माहीत होतं," मास्तर म्हणाले. "आणि तू डॉक्टरला विचारत होतास?"

"कोणतरी न्हाई म्हनंल वाटलं…"

हॉलमध्ये ते शब्द फिरले आणि परत आले. रंगाने दोन्ही कान धरले.

मास्तर खाली फरशीवर बसले. त्यांच्याकडेही आता शहाणपणाचं काही उरलं नसावं, असं तोंड झालं होतं. मग भिंतीला धरून उठले आणि मशीनच्या खोलीकडे चालू लागले.

"ये," ते म्हणाले. "तिसऱ्याचा तेवढा खाली ठेव. बाकीचे दोन वर कर."

रंगाने केलं.

पट्टे आले. लाल तो लाल, पिवळा तो पिवळा. तिन्ही पडद्यांवर एका रेषेत, भिंतीला रंग दिल्यासारखे उभे.

"तिसरं मशीन पुढं कुणाला देतं?" मास्तरांनी विचारलं.

"कुनालाच न्हाई."

"परत पाठवतं?"

"…न्हाई. आपल्यातच जिरवतं."

"म्हणून पहिलं सरळ चालतंय."

रंगा पट्ट्यांकडे बघत राहिला. त्याने खटक्यावरून बोट काढलं नव्हतं.

"लई गरम हुत असंल हे," तो म्हणाला.

"हात लाव की."

त्याने लावला. तिसऱ्या मशीनची पाठ इतर दोघांइतकीच कोमट होती.

*

आईला आत आणलं. अनसाबाई पदर सावरत उंबऱ्यावर क्षणभर थांबल्या. मग आत येऊन चटईवर बसल्या. पडद्यावर अजून पट्टेच होते. त्यांनी पट्ट्यांनाही हात जोडले.

"अक्का, टेप एकदाच चालेल," मास्तर म्हणाले. "कॅसेटवर घेतोय. घरी मग हवी तितक्यांदा बघा."

"एकदा बी लई झालं, मास्तर."

मास्तरांनी टेपा लावल्या. बटण दाबलं नाही.

अनसाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "मास्तर, तुमी शिकलेलं मानूस. तुमी तरी सांगा. माझ्या लेकराला दुखलं असंल का?"

मास्तरांनी तोंड फिरवून रंगाकडे बघितलंही नाही. ते नुसते एक पाऊल बाजूला झाले. इतका वेळ ते आई आणि रंगाच्या मध्ये उभे होते.

आता मध्ये कुणी नव्हतं.

"आई," रंगा म्हणाला.

"काय रं?"

"दुखलं."

तो एक पाऊल पुढे आला.

"मी हुतो तितं. पयल्यापासनं. खोटं सांगितलं तुला. दुखत हुतं त्याला. लई दुखत हुतं."

अनसाबाईंचा हात हवेतच राहिला. पदराकडे निघालेला. रंगा मारासाठी मान खाली घालून उभा राहिला. तिने मारावं असंच त्याला वाटत होतं.

"तू हुतास?" ती म्हणाली.

"व्हय."

"म्हंजे… एकटा नव्हता त्यो?"

रंगाला हे कळलंच नाही. त्याने मान वर केली.

"न्हाई. माझ्या मांडीवर हुतं डोकं."

"पानी मागितलं?"

"मागितलं."

"दिलंस?"

"दिलं. माझ्या बाटलीतलं. थोडं भाईर सांडलं."

"काय म्हनला?"

"म्हनला… गार हाय."

अनसाबाईंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. 'गार हाय' असं त्या स्वतःशी दोनदा म्हणाल्या. मग चटईवर थोडं सरकून त्यांनी शेजारी जागा केली आणि त्या जागेवर हाताने थापटलं.

"बस," त्या म्हणाल्या. "आकरा दीस उभाच हाईस तू."

रंगा बसला. आईने त्याचा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. उजवा हात. जाड बोटांचा. ती एकेक बोट दाबून बघत होती. पुढचं काहीच तिने विचारलं नाही.

मास्तरांनी बटण दाबलं.

करडी लाट आली. रंगाचं अंग ताठ झालं. तो उठणार, तेवढ्यात आईने हात घट्ट धरला…

लाट गेली. चित्र धरलं.

सर्जेराव समोर बसला होता. अख्खा. कपाळावर घाम, वरच्या खिशात टेस्टर, शर्टाचं एक बटण तुटलेलं. त्याच्यामागे तानपुरे ठेवलेले. डावीकडून तोच. उजवीकडून तोच. मास्तर बटणं दाबून एका कॅमेऱ्याच्या चित्रावरून दुसऱ्यावर जात होते आणि चेहऱ्याला चेहरा तंतोतंत लागत होता.

गाणाऱ्याच्या गादीवर तो बसला होता. गाणारा येण्याआधी त्याच्या जागी कुणीतरी बसून दाखवायचं असतं. उंची कळते, उजेड कळतो.

"बाई गं," अनसाबाई म्हणाल्या. "शर्टाचं बटन कुटं घालवलंस?"

पडद्यावर सर्जेराव काहीतरी बोलत होता, पण बारीक ऐकू येत होतं. अनसाबाई पुढे झुकल्या, कानाशी हात नेला.

रंगाने आपला हात हळूच सोडवून घेतला. गुडघ्यावर पुढे सरकला आणि आवाज वाढवला. पूर्ण.

"…एक, दोन, तीन, चार," अण्णा म्हणाला. खोली भरून. "मास्तर, ऐकू येतंय? काय बोलू आता? संपलं माझं सगळं बोलून. दिसतोय का नीट? मास्तर? अहो, झालं का?"

आणि तो समोर बघत थांबला, उत्तराची वाट बघत.

मास्तर पडद्याजवळ गेले.

"झालं, सर्जा," ते म्हणाले. "ऊठ आता. ज्याची जागा आहे त्याला बसू दे."